पाण्याचा अहवाल चांगला येतो, तरी खाडीचा तळ का मरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीच्या दोन्ही काठांना कोळंबीची तळी आहेत, मुखाच्या आतल्या बाजूला माशांचे पिंजरे आहेत. काही वर्षांत शिंपले जवळजवळ संपले, खेकडे रोडावले आणि वर्षातून एखाद-दोनदा पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पाण्याची तपासणी मात्र दर वेळी ‘मर्यादेत’ येते. मत्स्यशेती करणाऱ्यांचं म्हणणं, माशांची विष्ठा नैसर्गिकच असते आणि भरती-ओहोटी ती धुऊन नेते. मग चुकतंय कोण?

तपासणीचे आकडे खोटे असतीलच असं नाही, आणि तुम्ही जे बघताय तेही खरंच आहे. खाड्यांच्या तळाचा गाळ काढून तपासणं हेच माझं काम आहे आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाची खबर देतं. खाडी जगणार की मरणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी आत किती दिवस रेंगाळतं, आणि तळाच्या चिखलात पचनाची ताकद अजून शिल्लक आहे का.

आधी त्या ‘नैसर्गिक’ शब्दाबद्दल. खाडीतला रानमासा खाडीतलंच खातो आणि खाडीतच टाकतो. तोच नायट्रोजन आतल्या आत फिरत राहतो. शेतीतल्या माशाचं खाद्य पोत्यातून, बाहेरून येतं. म्हणजे त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस ही त्या खाडीच्या खात्यात नव्याने पडलेली भर आहे. विष्ठा नैसर्गिक असली तरी तिचा हिशोब नैसर्गिक राहत नाही.

हिशोब करूनच बघू. एक टन कोळंबी काढायला साधारण दीड टन खाद्य लागतं असं धरा. खाद्यात ३७ टक्के प्रथिनं असतील, तर प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असल्याने खाद्यातून साधारण ८९ किलो नायट्रोजन तळ्यात पडला. काढलेल्या एक टन कोळंबीच्या अंगात त्यातला २९-३० किलोच असतो. उरलेला साठेक किलो न खाल्लेल्या दाण्यांत, विष्ठेत आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियात जातो. काही तळ्याच्या गाळात अडकतो, काही हवेत जातो, बाकीचा निचऱ्याबरोबर खाडीत येतो. पिंजऱ्याला तर मध्ये तळंही नसतं. जे पडतं ते थेट खाडीतच पडतं.

साठ किलो हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून पुढची पायरी घ्या. हा सगळा नायट्रोजन शेवाळाने उचलला, तर शेवाळाच्या शरीररचनेच्या नेहमीच्या प्रमाणानुसार त्यातून सुमारे ३४० किलो कार्बनाचा जैविक माल तयार होतो. तो मेला की कुजतो. एक किलो कार्बन कुजायला २.६७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एकूण नऊशे किलोच्या वर. उष्ण हवामानातल्या निमखाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एका टनाच्या पिकामागची घाण, सर्वात वाईट स्थितीत, सुमारे १ लाख ४० हजार घनमीटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकते. एक मीटर खोल पाणी धरलं तर चौदा हेक्टर. प्रत्यक्षात एवढं एकदम घडत नाही, कारण हवेतून ऑक्सिजन विरघळत असतो आणि भरती नवं पाणी आणते. पण खोलात, साचलेल्या पाण्यात, वारा पडलेला असताना हा हिशोब अंगावर येतो.

आता भरती-ओहोटी ‘धुऊन नेते’ या म्हणण्याकडे वळू. समजा ओहोटीला खाडीत ३० लाख घनमीटर पाणी उरतं आणि भरती १० लाख घनमीटर आत आणते. ढोबळ गणिताने सगळं पाणी बदलायला चार भरत्या, म्हणजे दोन दिवस लागतात. पण ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी मुखाबाहेर घुटमळतं आणि पुढच्या भरतीला त्यातलं बरंचसं परत आत शिरतं. निम्मं परत आलं तर दोनाचे चार दिवस झाले. अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरत्या असतात, तेव्हा येणारं पाणी निम्म्यावर आलं की तोच काळ आठवड्याच्या घरात जातो. त्यात नदीचा प्रवाह आटलेला असेल तर वरून ढकलणारंही कोणी उरत नाही. सूक्ष्म शेवाळं अनुकूल स्थितीत एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. पाणी दोन दिवसांत बाहेर गेलं तर बहर जमायला उसंतच मिळत नाही. आठवडाभर थांबलं तर दोनाचे चार, चाराचे आठ होत जातात. म्हणूनच तितकीच तळी एका खाडीत खपून जातात आणि दुसरीत घात करतात. मुख रुंद की अरुंद, मध्ये रेतीचा दांडा आहे का, बंधारे घालून खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, तोडली आहेत का, या प्रश्नांची उत्तरं मला अमोनियाच्या आकड्याआधी हवी असतात.

खाडीचा आणखी एक स्वभाव इथे नडतो. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं जड म्हणून तळाशी सरकतं. दोन थर झाले की वरच्या थरातला ऑक्सिजन खाली उतरत नाही आणि खालच्या थरात सगळं कुजत राहतं. शिवाय नदीतून आलेले बारीक कण खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि तळाशी बसतात. तळ्यांतून येणारी बारीक घाण त्याच पुंजक्यांत गुंतते. उघड्या समुद्रात दूरवर विखुरली असती ती घाण खाडी स्वतःकडे धरून ठेवते.

ती घाण साचते चिखलात, आणि खरी गोष्ट तिथेच घडते. एक पारदर्शक नळी ओहोटीला तळात खुपसा, वरून बूच लावा आणि अलगद उपसून उजेडात धरा. निरोगी खाडीत वरचे एक-दोन सेंटिमीटर फिकट तपकिरी दिसतात, त्याखाली राखाडी आणि मग गडद. त्या तपकिरी थरातून खाली गेलेल्या बारीक सुरळ्या दिसतात, किड्यांची बिळं. बिळाच्या भिंतीलाही तसाच तपकिरी रंग असतो, कारण किडा अंग हलवून वरचं ऑक्सिजनयुक्त पाणी आत ओढत असतो. बिघडलेल्या खाडीतली नळी वेगळीच असते. तपकिरी थर कागदाएवढा उरलेला किंवा नाहीसाच. वरपासून काळा लोण्यासारखा गाळ, बूच काढताच सडक्या अंड्यांचा वास. कधी वर पांढरी, कापसासारखी साय. ते गंधकावर जगणारे जिवाणू असतात. शेवटच्या टप्प्यात तीही दिसेनाशी होते.

त्या तपकिरी थराचं काम समजून घ्या, कारण खाडीचं पोट तेच. वर, ऑक्सिजन असतो तिथे, काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. लगेच खाली, ऑक्सिजन संपतो तिथे, दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. अशा रीतीने खाडी आलेला नायट्रोजन कायमचा बाहेर टाकते. किड्यांच्या बिळांमुळे ही सीमारेषा चिखलात खोलवर वळ्या घेत जाते, म्हणून हे काम कितीतरी पट वाढतं. त्याच थरातलं लोहाचं ऑक्साइड फॉस्फेट धरून ठेवतं. खाडी पुष्कळ पचवते, हे शेतकऱ्यांचं म्हणणं इथवर अगदी खरं आहे.

पण घाण पचनापेक्षा वेगाने पडू लागली की ऑक्सिजन वरच्या वर संपतो. मग खालचे जिवाणू सल्फेट वापरायला लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. निमखाऱ्या पाण्यात निम्मं धरलं तरी ऑक्सिजनच्या सुमारे दोनशे पट. इंधन संपतच नाही, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होत राहतो. तो किड्यांना आणि शिंपल्यांना विषारी असतो, म्हणून बिळं बंद होतात. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही तो दाबून टाकतो, म्हणून नायट्रोजन वायूचा मार्ग बंद होतो आणि अमोनिया जसाच्या तसा वर झिरपतो. हाच सल्फाइड लोहाला बांधून काळं लोह सल्फाइड करतो, म्हणून लोहाने धरलेलं फॉस्फेट सुटतं. जो चिखल घाण गिळत होता तोच आता खत ओकू लागतो. या वळणानंतर बाहेरून येणारी घाण निम्मी केली तरी पाण्यात लगेच फरक दिसत नाही, कारण बराचसा पुरवठा आता तळातूनच होत असतो. तुमचे शिंपले आधी गेले याचा अर्थ मी असाच लावतो. ते हलू शकत नाहीत, त्यामुळे तळ बिघडल्याची खबर सर्वात आधी त्यांच्याकडून मिळते.

तळाची ही घसरण कोणत्या क्रमाने होते हे पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोन समुद्रतळ-अभ्यासकांनी १९७८ मध्ये नीट मांडलं, आणि आजही आम्ही त्याच चौकटीत वाचतो. सुरुवातीला थोडं जास्त अन्न मिळाल्याने जीव वाढतातही. मग प्रजाती कमी होत जातात, आणि कॅपिटेला नावाचा बारीक तांबडा किडा हजारोंनी माजतो. शेवटी तोही जातो. मधल्या टप्प्यात ‘तळात भरपूर जीव आहेत’ असा अहवाल कोणी दिला तर संख्या न पाहता प्रजाती किती ते विचारा.

मग पाण्याचे आकडे चांगले का येतात? माझ्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशाच एका खाडीचा अहवाल ‘समाधानकारक’ म्हणून सही करून दिला होता. नमुने सगळे सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान, भरतीच्या वेळी, मधल्या प्रवाहातून, पृष्ठभागाजवळून घेतलेले. दीड महिन्याने त्याच खाडीत पहाटे मासे मेले. ती चूक मला अजून टोचते, म्हणून सविस्तर सांगतो. शेवाळ माजलेल्या पाण्यात उन्हात ऑक्सिजन भरपूर असतो, कारण शेवाळच तो सोडतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं आणि सर्वात कमी आकडा सूर्योदयाच्या आधी येतो. लिटरमागे अकरा वाजता सात मिलिग्रॅम आणि पहाटे पाचला दीड, हे एकाच दिवसाचे आकडे असू शकतात. दोन मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक जलचरांचा निभाव लागत नाही. विरघळलेला नायट्रोजनही कमी दिसतो, कारण तो पाण्यातून उचलला जाऊन शेवाळाच्या अंगात गेलेला असतो. गाळून घेतलेल्या नमुन्यात तो गाळणीवरच राहतो आणि अहवालात येत नाही.

दुपारची बाजूही बिनधोक नाही. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तसा पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कलीपणाचा आकडा, चढतो. अमोनियाचा विषारी भाग पीएच ८ ला साधारण पाच टक्के असतो, ९ ला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. एकूण अमोनिया तेवढाच, पण दुपारी तो सहा-सात पट घातक.

बहराची जातही बदलते. डायटम हे चांगलं शेवाळ, शिंपल्यांचं आणि माशांच्या पिल्लांचं आवडतं अन्न. त्यांना कवचासाठी सिलिका लागते, ती नदीतून येते. मत्स्यशेती नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढवते, सिलिका नाही. वर नदीवर धरणं असतील तर सिलिका उलट घटते. डायटमची वाढ थांबते आणि ज्यांना सिलिका लागत नाही अशा, प्रसंगी विषारी, डायनोफ्लॅजेलेट शेवाळांना रान मोकळं मिळतं.

हे सगळं एकत्र आल्याचं ठळक उदाहरण फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या बोलिनाओचं आहे. तिथे दुधमाशाच्या, म्हणजे मिल्कफिशच्या शेतीसाठी ५४४ पिंजऱ्या-कुंपणांची मर्यादा ठरली होती आणि संख्या हजाराच्या वर गेली. २००२ च्या सुरुवातीला प्रोरोसेंट्रम या शेवाळाचा बहर आला, ऑक्सिजन दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि पिंजऱ्यांतले मासे मोठ्या प्रमाणावर मेले. नुकसान आधी शेती करणाऱ्यांचंच झालं. म्हणून मी हा विषय शेतकरी विरुद्ध मच्छीमार असा कधीच मांडत नाही. पाणी दोघांचं एकच आहे, तळ्यात घेतलं जाणारं पाणीही त्याच खाडीचं असतं आणि शेजाऱ्याचा रोगही त्यातूनच येतो.

औषधांबद्दल थोडक्यात. माशांवरच्या उवा मारायला दिली जाणारी काही औषधं कवचधारी जीवांची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतात. ऊ आणि खेकडा यांच्यात ती फरक करत नाहीत. जाळ्यांना लावलेलं तांब्याचं लेपन गाळात साचतं. प्रतिजैविकांचा बराच भाग न पचता विष्ठेतून गाळात जातो आणि तिथल्या जिवाणूंत प्रतिकारशक्ती वाढवतो. याला उपाय नाही असं नाही. नॉर्वेत १९८७ मध्ये सॅमन शेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविकं वापरली गेली. लस आल्यावर उत्पादन अनेक पटींनी वाढूनही वापर एक-दीड टनापर्यंत खाली आला.

‘कांदळवन आहे ना, ते गाळून घेईल’ असंही सांगितलं जातं. कांदळवन खरोखर गाळतं, पण किती? रॉबर्टसन आणि फिलिप्स या संशोधकांचा १९९५ चा अंदाज असा, की कोळंबी मध्यम दाटीने सोडलेल्या एक हेक्टर तळ्यामागे दोन-तीन हेक्टर कांदळवन लागेल आणि दाट तळ्यामागे बावीस हेक्टरपर्यंत. तळी बहुतेक वेळा कांदळवन तोडूनच काढलेली असतात, तेव्हा हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

आता तुम्ही काय मोजावं. पहिलं, पहाटे साडेचार ते सहामध्ये, भांगाच्या दिवसांत, तळापासून अर्ध्या मीटरवर ऑक्सिजन. एवढं एकच मोजलंत तरी वर्षभराच्या दुपारच्या नमुन्यांपेक्षा जास्त कळेल. दुसरं, गाळाच्या नळ्या: निचऱ्याच्या तोंडाशी, मग शंभर, तीनशे, आठशे मीटरवर, आणि तुलनेसाठी शेती नसलेल्या फाट्यात. तपकिरी थराची जाडी पट्टीने मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. वाळलेला गाळ भट्टीत जाळून किती वजन घटतं यावरून जैविक माल कळतो, पण रेतीची तुलना चिखलाशी करू नका. चिखलात तो मुळातच जास्त असतो. असे दोन नमुने शेजारी ठेवून निष्कर्ष काढलेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत, ते चर्चेत टिकत नाहीत. तिसरं, पाण्याचा नमुना न गाळता एकूण नायट्रोजन आणि फॉस्फरससाठी द्या.

शेती करणाऱ्यांशी बोलताना तीन गोष्टी मागता येण्यासारख्या आहेत. खाद्य-ताटात उरलेले दाणे बघून पुढचा डोस ठरवणं ही पहिली. दीडऐवजी १.३ टन खाद्यात एक टन पीक निघालं, तर बाहेर पडणारा नायट्रोजन साठवरून अठ्ठेचाळीस किलोवर येतो आणि पैसेही वाचतात, त्यामुळे हे पटतं. दुसरी, काढणीच्या वेळचं शेवटचं पाणी. तळं रिकामं करताना शेवटच्या दहा-वीस टक्के पाण्यात तळाचा ढवळलेला गाळ असतो आणि घाणीचा फार मोठा वाटा त्यातच जातो. तेवढं पाणी खाडीत न सोडता निवळण तळ्यात थांबवलं तरी जड भाग खाली बसतो. विरघळलेला अमोनिया मात्र बसत नाही, त्यासाठी पुढे शेवाळ किंवा वनस्पतींचा टप्पा लागतो. तिसरी, सगळ्यांनी एकाच आठवड्यात काढणी आणि निचरा करू नये, निदान भांगाच्या दिवसांत तरी नाही. उधाणाच्या ओहोटीला सोडलेलं पाणी दूर जातं.

पिंजऱ्यांच्या बाबतीत जागा पडीक ठेवणं, म्हणजे पिंजरे हलवून तळाला काही काळ विश्रांती देणं, हाच खरा उपाय. नॉर्वेसारख्या देशांत तळाची नियमित तपासणी होते आणि निकाल बिघडला की तपासण्या वाढतात, पुढे तर उत्पादन कमी करावं लागतं. शेजारी शिंपले आणि समुद्रशेवाळ वाढवण्याची पद्धत चीनच्या सांगगौ उपसागरात मोठ्या प्रमाणावर चालते. शेवाळ विरघळलेला नायट्रोजन उचलतं आणि काढणीबरोबर बाहेर नेतं. शिंपले पाणी गाळतात खरे, पण त्यांची विष्ठाही खालीच पडते, म्हणून अरुंद, संथ खाडीत त्यांची दाटी करू नका.

सुधारणा किती दिवसांत दिसेल, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. पिंजरा हलवल्यावर तळातले किडे काही महिन्यांपासून काही वर्षांत परततात. वाहतं पाणी असेल तर लवकर. समुद्रगवताचं तसं नाही. स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या फोर्नेल्स उपसागरात १९९१ मध्ये मत्स्यशेती थांबली, तरी पोसिडोनिया गवत त्यानंतरही काही वर्षं मरतच राहिलं, कारण गाळ बदलला नव्हता. हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला काही सेंटिमीटर. तुमच्या खाडीत गवताचे तुकडे अजून उरले असतील तर त्यांची जागा आधी नकाशावर घ्या आणि निचऱ्याची तोंडं त्यांच्यापासून दूर न्यायची मागणी सर्वात आधी करा. बाकी तळ परत मिळवता येतो.

आणि नळ्या नदीला नवं पाणी यायच्या आत घ्या. एक जोराचा पूर वरचा काळा थर उचलून नेतो, त्यानंतर पुढचे काही आठवडे तळ खोटा स्वच्छ दिसतो.